त्याच दिवशीचे फूल आणि शहराजवळचा शेतकरी

फुलांचा व्यापार हा मुळात वेळेचा व्यापार आहे. ज्वारी कणगीत राहते, कांदा चाळीत राहतो, गुळाची ढेप वखारीत महिने काढते. फुलाला मात्र झाडावरून उतरले की उतरती कळा लागते. म्हणून फूल किती उत्तम पिकले याइतकाच महत्त्वाचा प्रश्न, ते किती तासांत माणसाच्या हाती पडले हा असतो.

लहान शहरांतील फूलविक्रेत्यांनी अलीकडे जी नवी सोय सुरू केली आहे, तिचा विचार याच दृष्टीने व्हावयास पाहिजे. सकाळी भ्रमणध्वनीवरून मागणी नोंदवावी आणि सायंकाळच्या आत पुष्पगुच्छ किंवा हार सांगितलेल्या घरी पोहोचावा, अशी ही सोय आहे. वाढदिवस, बारसे, परीक्षेतील यश, दवाखान्यातील रुग्णाची भेट, सेवानिवृत्तीचा समारंभ अशा अनेक प्रसंगी तिचा उपयोग होऊ लागला आहे. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना पुण्या-मुंबईहून, आखाती देशांतून वा अमेरिकेतून मुले फुले पाठवितात. ही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. परंतु या सोयीच्या मुळाशी एक प्रश्न आहे व तो क्वचितच विचारला जातो. त्याच दिवशी पोहोचलेले फूल त्याच दिवशी तोडलेले असते काय? आणि ते कोणाच्या शेतातले असते?

या प्रश्नाच्या उत्तरावर ग्राहकाचे समाधान, विक्रेत्याचा नफा आणि शहराभोवतीच्या फुलशेतीचे भवितव्य ही तिन्ही अवलंबून आहेत.

प्रवास मागणीने करावा, फुलाने नव्हे

दूरच्या माणसाने स्थानिक विक्रेत्याकडून फुले पोहोचविण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत बर्लिन येथे १९०८ साली फूलविक्रेत्यांनी परस्परांच्या मागण्या पुऱ्या करण्यासाठी एक संघ उभारला. अमेरिकेत १९१० साली काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने आलेल्या मागणीवर फुले पोहोचविण्याची व्यवस्था सुरू केली. एका शहरातील ग्राहकाने आपल्या ओळखीच्या दुकानात पैसे भरावेत, त्या दुकानाने दुसऱ्या शहरातील दुकानाला तार करावी आणि त्या दुसऱ्या दुकानाने आपल्याजवळची ताजी फुले घरपोच द्यावीत, असा तिचा क्रम होता.

या योजनेचे मर्म तारयंत्रात नव्हते. नाशवंत वस्तूला प्रवास करावयास न लावता तिच्याविषयीचा निरोप तेवढा पाठवावयाचा, हे ते मर्म होय. तारेच्या जागी आज भ्रमणध्वनी आला. पण तत्त्व बदललेले नाही. निरोप क्षणात पोहोचतो. फुलाच्या दांड्यातील पाणी मात्र पूर्वीच्याच वेगाने आटते. मागणी चार मिनिटांत नोंदविली गेली आणि फूल मात्र चार दिवसांपूर्वीचे निघाले, तर सोयीचे निम्मे प्रयोजन नष्ट झाले असेच म्हणावे लागेल.

अहिल्यानगरचे उदाहरण

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, हे या बाबतीत विचारात घेण्याजोगे शहर आहे. क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या जिल्ह्याचे हे ठिकाण. परंतु पुण्या-मुंबईच्या मानाने लहान. शहराच्या आसपास नगर व पारनेर तालुक्यांत शेवंती, झेंडू, ॲस्टर, गुलछडी यांची लागवड होते. शहराजवळचे अकोळनेर हे गाव तर फुलशेतीसाठीच ओळखले जाते. जिल्ह्यातच राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. या विद्यापीठाने ॲस्टरचे ‘फुले गणेश’ या नावाचे निरनिराळ्या रंगांचे वाण आणि गुलछडीचा ‘फुले रजनी’ हा वाण दिलेला आहे. म्हणजे जमीन आहे, जाणकार शेतकरी आहे, संशोधन आहे आणि ग्राहकही आहे.

असे असूनही व्यवहार बहुधा उलट्या दिशेने चालतो. सायंकाळी तोडलेली शेवंती करंड्यांत भरून रात्रीच्या टेम्पोने सुमारे १२० किलोमीटर दूर पुण्याच्या गुलटेकडीला, किंवा त्याहून लांब मुंबईच्या दादरला जाते. तिकडून जरबेरा, डच गुलाब आणि कार्नेशनच्या गड्ड्या जिल्ह्याच्या शहरांकडे येतात. एकाच रस्त्यावरून शेतकऱ्याचे फूल बाहेर जाते आणि ग्राहकाचे फूल आत येते. दोन्हीकडचे भाडे, हमाली व अडत कोणाला तरी भरावी लागते. आणि दोन्हीकडची नासाडी कोणाला तरी सोसावी लागते. बाहेरून येणारी फुले मुळीच येऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुष्पगुच्छ म्हणजे परगावची गड्डी आणि हार म्हणजे गावची पाटी, अशी जी विभागणी विक्रेत्याच्या मनात पक्की झाली आहे, ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जवळच्या फुलाचा अधिक गुण

तोडलेले फूल हे जिवंत असते. त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो, त्यात साठलेली साखर खर्ची पडत असते आणि पाकळ्यांतून पाणी उडून जात असते. उष्णता वाढली की हे सर्व वेगाने होते. दांडा कोरडा राहिला तर त्याच्या नलिकांत हवा शिरते आणि पुढे पाण्यात ठेवूनही ते वर चढत नाही. बादलीतील पाणी शिळे झाले की त्यात सूक्ष्म जंतू वाढून त्याच नलिका बुजतात. पिकत्या केळ्या-आंब्यांतून निघणारा इथिलीन वायू कार्नेशनसारख्या फुलांना अकाली कोमेजवितो. म्हणून फळांच्या गाडीत वा फळांच्या खोलीत फुले ठेवणे हा त्यांचा घातच होय.

लांबच्या बाजारासाठी फूल तोडताना या सर्व गोष्टींचा विचार करून ते कच्चेच तोडावे लागते. ग्लॅडिओलसच्या दांड्यावर खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविला की तो कापतात. गुलाबाची कळी घट्ट असतानाच ती घेतात. अशी कळी वाटेत तापली, तिचे पाणी तुटले, तर ती पुढे उमलतच नाही, मान टाकते. ग्राहकाच्या हाती पडते ते न उमललेले आणि न उमलणारे फूल. जवळच्या शेतकऱ्याला ही अडचण नाही. त्याने ग्लॅडिओलसचे तीन-चार फुलोरे रंगावर येऊ द्यावेत, गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या सुटू द्याव्यात, गुलछडीच्या काडीवरील खालच्या जोड्या उमलू द्याव्यात. पोषण झाडावर अधिक काळ झालेले असते व फूल भरदार असते. अंतर कमी असण्याचा हा लाभ कोणत्याही शीतगृहाने मिळत नाही.

दुसरे असे की, स्थानिक फुलांत पुष्पगुच्छाला शोभेल असे काही नाही हा समज निराधार आहे. दुहेरी पाकळ्यांच्या गुलछडीची काडी फुलदाणीत ठेवली तर सायंकाळी सारे घर सुगंधाने भरते. हरितगृहातील जरबेराला हा गुण नाही. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने दिलेले ‘सुवासिनी’ व ‘वैभव’ हे दुहेरी वाण आणि ‘प्रज्वल’ हा एकेरी वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. ॲस्टरचे जांभळे, गुलाबी व पांढरे दांडे, शेवंतीच्या काड्या, पिवळा गलांडा आणि हिरवळीसाठी शतावरीची पालवी एवढ्यावर अत्यंत देखणा गुच्छ सिद्ध होतो. तो बांधणाऱ्याचा हात मात्र तयार हवा.

ज्या प्रसंगाला उद्याची सवड नसते

त्याच दिवशी फूल मिळण्याचे महत्त्व ज्या एका प्रसंगी सर्वांत अधिक कळते, तो प्रसंग आनंदाचा नसतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत मृत्यूनंतर काही तासांतच अंत्यविधी होतो. परगावच्या आप्ताला येणे साधत नाही. निदान आपल्या नावाचा एक हार वेळेवर पोहोचावा एवढीच त्याची इच्छा असते. या मागणीला दुसरा दिवस नसतो. वाढदिवसाचा गुच्छ संध्याकाळऐवजी सकाळी पोहोचला तर थोडा हिरमोड होतो; येथे मात्र उशीर म्हणजे कायमचीच चूक. त्या वेळी विक्रेत्याला परगावचा बाजार उपयोगी पडत नाही. तासाभराच्या अंतरावर पांढरी शेवंती वा गुलछडी उभी असलेले शेत आणि दूरध्वनी उचलणारा शेतकरी एवढेच उपयोगी पडते. ज्या शहराभोवतीची फुलशेती मोडली, त्या शहराला अशा दिवशी शिळ्या फुलांवर किंवा प्लॅस्टिकच्या हारावर भागवावे लागेल.

शेतकऱ्याची बाजू

दूरच्या बाजारात माल पाठविणारा शेतकरी दराच्या बाबतीत पराधीन असतो. पट्टी हाती येते तेव्हाच भाव कळतो. दसरा-दिवाळीला झेंडू चांगला विकला जातो, आणि आवक वाढली की त्याच झेंडूचे ढीग सणाच्या सायंकाळी रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी घरी परततात. पितृपक्षात मागणी घटते, लग्नसराईत वाढते. हा चढउतार फुलशेतीच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

त्यात एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवण्याचा धोका अलीकडे दोन वेळा दिसून आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बाजार, मंदिरे व लग्नसमारंभ एकदमच बंद झाले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी उभी फुले जनावरांना घातली, काहींनी हरितगृहातील झाडे उपटून टाकली. याच जिल्ह्यातील शिर्डी येथे मंदिर पुन्हा उघडल्यानंतरही हार-फुले अर्पण करण्यास बंदी राहिली, ती २०२४ च्या अखेरीस न्यायालयाच्या अनुमतीनंतर उठली. मधल्या काळात केवळ देवस्थानासाठी फूल पिकविणाऱ्यांचे अतोनात हाल झाले. ज्याचा थोडा माल मंदिराला, थोडा मोठ्या बाजाराला आणि थोडा शहरातील घरपोच व्यवहाराला जातो, त्याचे सर्व दोर एकदम तुटत नाहीत.

शहरातील विक्रेत्याला फूल देण्याचा आणखी एक लाभ आहे. समजा, शंभर काड्या लांबच्या बाजारात पाठविल्या आणि वाटेत वीस दबल्या. तर उरलेल्या ऐंशी काड्यांना शंभर काड्यांचा लागवडखर्च व शंभर काड्यांचे भाडे भरून काढावे लागते. त्याच काड्या बादलीतील पाण्यात उभ्या करून दुचाकीने पाऊण तासात शहरात आणल्या तर दर थोडा कमी मिळाला तरी हाती उरणारी रक्कम कमी असेलच असे नाही. शेतकऱ्याने दर न पाहता हातात उरणारे पैसे पाहावेत, हा हिशेब येथे विशेष लागू पडतो.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या मतावर काही आक्षेप घेतले जातील व ते अगदीच निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की, लहान शहराची घरपोच मागणी ती केवढी? एखाद्या गावाची सर्व शेवंती तीत खपणे शक्य नाही. हे खरेच आहे. म्हणून सर्व माल शहरातच विकावा असा सल्ला कोणी देऊ नये. मोठा बाजार राहणारच. परंतु निवडक, लांब दांड्याचा, डागविरहित माल वेगळा काढून तो शहरासाठी ठेवणे शक्य आहे. सुटी फुले किलोवर जातात, निवडलेली काडी नगावर जाते. हा फरक शेतकऱ्याच्या पदरात पडावयास हवा.

दुसरा आक्षेप विक्रेत्यांचा आहे. शेतकरी नियमित माल देत नाही. सणाच्या तोंडावर पुण्याचा भाव चढला की ठरलेली फुले तिकडे पाठवितो आणि दुकानदाराला तोंडघशी पाडतो, अशी त्यांची तक्रार असते. ही तक्रार खोटी नाही. ज्या दिवशी विक्रेत्याला फुलांची सर्वाधिक निकड असते, त्याच दिवशी पाठ फिरविणाऱ्याला एरवीच्या मंदीत आधार मागण्याचा अधिकार उरत नाही. सणाच्या दिवसांचा दर आगाऊ ठरविणे, आणि तो ठरल्यावर बाजार कितीही चढला वा उतरला तरी दोघांनी पाळणे, हाच याला उपाय आहे. पहिल्या वर्षी यात एकाला थोडे सोसावे लागेल. पण शब्द पाळणारा शेतकरी ही पुढे दुकानाची ठेव ठरते.

तिसरा आक्षेप हवामानाचा. नगर भागाचा उन्हाळा कडक व कोरडा असतो. त्या काळात उघड्यावर चांगले फूल मिळणे कठीण जाते. याचेही काही अंशी निवारण होऊ शकते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला, विजेवाचून चालणारा शीतकक्ष अशा कोरड्या हवेतच उत्तम काम देतो. विटांच्या दुहेरी भिंती बांधून मधल्या पोकळीत वाळू भरावी, ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने ओली ठेवावी आणि वर गवताचे किंवा बारदानाचे ओले झाकण द्यावे. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील हवा बाहेरच्या मानाने पुष्कळच थंड व दमट राहते. शेतावर एक आणि दुकानामागे एक असा कक्ष झाला, तर तोडणीपासून घरपोच होईपर्यंतचे तास फूल सहज काढते. उन्हाळ्यात जी फुले होतच नाहीत, त्याचप्रमाणे ऑर्किड वा लिलियमसारखी जी या हवेत सहज येत नाहीत, ती बाहेरून आणण्यात कमीपणा नाही.

व्यवहार कसा असावा

ही व्यवस्था टिकावयाची तर ती चार-पाच साध्या नियमांवर उभारली पाहिजे. शेतकऱ्याने तोडणी पहाटे वा सायंकाळी करावी, भर उन्हात करू नये. दांडे तोडताच स्वच्छ पाण्यात उभे करावेत. जरबेराचा दांडा कापू नये, तो बुडापासून अलगद उपटावा व नंतर खालचे टोक छाटावे. एका गड्डीत एकाच लांबीचे व एकाच अवस्थेचे दांडे असावेत. वर चांगली आणि आत दबलेली फुले घालण्याची खोड अंती आपल्याच मुळावर येते, कारण घरपोच व्यवहारात गड्डी विक्रेत्याच्या हातून नव्हे, तर ग्राहकाच्या डोळ्यांसमोर सुटते.

विक्रेत्याने दुसऱ्या दिवशीच्या ठरलेल्या मागण्या आदल्या सायंकाळी शेतकऱ्याला कळवाव्यात. त्याच दिवशीच्या मागणीसाठी एक ठरावीक वेळ, उदाहरणार्थ दुपारचे दोन, जाहीर करून ती कसोशीने पाळावी. अंत्यविधीच्या मागणीला तेवढी सवलत असावी. मागितलेले फूल नसेल तर दुसरे कोणते चालेल हे आधीच विचारून घ्यावे. न विचारता बदलू नये. दूर असलेल्या ग्राहकाला आपण पाठविलेली फुले डोळ्यांनी दिसत नाहीत. तो केवळ विश्वासावर पैसे देतो. अशा व्यवहारातील फसवणूक ही दुहेरी फसवणूक होय, कारण ज्याला फुले मिळतात तो भीडेस्तव तक्रार करीत नाही. शेतकऱ्याचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला चुकते व्हावेत. उधारी आणि नाशवंत माल यांचे कधीच जमत नाही.

परगावची मागणी गोळा करून ती स्थानिक दुकानाकडे सोपविणाऱ्या मोठ्या कंपन्याही आता आहेत. त्यांच्यामुळे काम मिळते हे मान्य केले पाहिजे; परंतु त्यांचा वाटा वजा जाता जे उरते, त्यातच फूल, बांधणी व घरपोच खर्च बसवावा लागत असल्याने विक्रेता फुलांवरच काटकसर करू लागतो आणि तिची झळ शेवटी शेतकऱ्याला पोहोचते. आज भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या हाती आहे व पैसेही त्यावरून थेट देता येतात. शहरातील विक्रेत्यांनी आपले नाव, दर व वेळा स्वतःच लोकांपुढे ठेवून थेट मागणी मिळविण्याचा प्रयत्न करावा. ग्राहकानेही आपल्या गावातील दुकानाचा क्रमांक जवळ ठेवावा.

विस्तारकार्याने काय करावे

फुलशेतीविषयीचे मार्गदर्शन आजवर बहुतांशी लागवड, खते, रोगकिडी आणि हरितगृहाचे अनुदान यांभोवती फिरत आले आहे. ते आवश्यकच आहे. पण फूल तोडल्यानंतरच्या बारा तासांकडेही तितकेच लक्ष पुरविले पाहिजे. तळेगाव दाभाडे येथे राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पुष्प संशोधन संचालनालय आहे. तेथील ज्ञान निर्यातदार शेतकऱ्यापुरते न राहता, अर्ध्या एकरात ॲस्टर लावणाऱ्यापर्यंत आणि बसस्थानकाजवळ हार ओवणाऱ्या बाईपर्यंत पोहोचले पाहिजे. शेतकरी गट व उत्पादक कंपन्या यांनी दहा-वीस शेतकऱ्यांचा माल एकत्र करून विक्रेत्यांना रोजच्या रोज सर्व रंग पुरवावेत. एकट्या शेतकऱ्याला जे जमत नाही ते गटाला सहज जमते. कारण एकाचा ॲस्टर संपला तर दुसऱ्याचा उमललेला असतो. गुच्छ बांधणीचे शिक्षण ग्रामीण स्त्रियांना मिळाले, तर फुलाबरोबर बांधणीची मजुरीही गावातच राहील.

लहान शहराला मोठ्या शहराची बरोबरी पुष्कळ बाबतीत करता येणार नाही. परंतु मोठ्या शहरातील माणूस शेतापासून दूर गेला आहे, लहान शहराच्या वेशीबाहेर मात्र शेत अजून उभे आहे. या एका गोष्टीत लहान शहर अधिक श्रीमंत आहे. ही श्रीमंती आपोआप टिकणारी नाही. विक्रेत्याने शेतकऱ्याला विचारात घेतले, शेतकऱ्याने दिलेला शब्द पाळला आणि ग्राहकाने आपण पाठवीत असलेले फूल कोठले आहे एवढे विचारले, तरच ती टिकेल. मागणी साता समुद्रापलीकडून येवो. फूल मात्र वेशीबाहेरच्या वाफ्यातून, त्याच सकाळी तोडलेले, यावे. तसे झाले तरच ‘त्याच दिवशी घरपोच’ हे शब्द खरे ठरतील.